वाट पाहणे म्हणजे बसून राहणे नव्हे

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका शेजाऱ्याने आपली वाडी विकली. वाडी त्याची; ती ठेवावी की विकावी हा त्याचा प्रश्न. मुलांची शिक्षणे, डोक्यावरचे कर्ज, विहिरीचे मचूळ झालेले पाणी, मजुरांची टंचाई, यांपैकी कुठलेही कारण त्याने सांगितले असते तर मी निमूटपणे मान डोलावली असती. ही सारी कारणे माझ्याही घरात ठाण मांडून बसलेली आहेत. परंतु माझ्या ओट्यावर बसून, बशीतला चहा फुंकीत तो म्हणाला, "मास्तर, काळ काही खरा नाही. लढाया, रोगराई, भूकंप, सगळी चिन्हे दिसायला लागली. शेवट जवळ आला. प्रभू येणार. आता जमिनीला कवटाळून काय करायचे? आपण फक्त त्याची वाट पाहायची."

मी म्हटले, "शेवट इतका जवळ आला असेल, तर मग पैसे तरी कशाला घेतलेस?"

तो हसला. मीही हसलो. चहा संपवून तो गेला आणि मला मात्र त्या रात्री झोप लागेना. वाडी गेली याचे दुःख होतेच; पण त्याहून मोठी चीड दुसऱ्याच गोष्टीची होती. 'वाट पाहणे' हा आमच्या धर्मातला अत्यंत मोलाचा शब्द. तो त्याने खरेदीखतावरच्या सहीसाठी वापरला! आणि हा शब्द असा वापरणारा तो काही एकटा नाही. हल्ली मोबाइलवर रोज सकाळी मला असे चारदोन निरोप येतात. त्यांत जगाच्या अंताची चिन्हे मोजून दाखविलेली असतात आणि शेवटी हात जोडलेले चित्र असते. त्या चित्रातले जोडलेले हात पाहून मला हटकून वाटते, या हातांना आज दुसरे काही काम नव्हते काय?

संपादकांनी माझ्याकडे दरवर्षीप्रमाणे गोष्ट मागितली होती. गोष्टीऐवजी मी हे भांडण पाठवीत आहे. फराळाच्या ताटात एखादी तिखट शेव असतेच. वाचकांनी हे तसे समजावे. मी कोणी धर्मपंडित नव्हे. दहावीपर्यंत, म्हणजे माझ्या आजोबांच्या भाषेत मॅट्रिकपर्यंत, शिकलेला, शाळेत मुलांना चित्रकला शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मी एक साधा ख्रिस्ती माणूस आहे. माझ्या म्हणण्याला धर्मसभेचा शिक्का नाही. जे घरात आणि गावात पाहिले, थोडेबहुत वाचले, त्याच्या आधारावर मी बोलणार आहे.

आमचे नंदाखाल हे विरारच्या पश्चिमेचे, आगाशी आणि निर्मळच्या शेजारचे गाव. १५७३ साली स्थापन झालेले पवित्र आत्म्याचे चर्च ही त्याची मोठी खूण. केळी, पानवेल, भाजी, फुले यांवर आमच्या पिढ्यांमागून पिढ्या जगल्या. पहाटेच्या गाडीने टोपल्या मुंबईला नेऊन लाल लुगड्यांतल्या आमच्या बायांनी घरे चालवली. अशा या गावाचे धार्मिक वर्षच मुळी वाट पाहण्याने सुरू होते. नाताळापूर्वीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. तुमचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच आमचे चढू लागतात. पुष्कळ घरांत तर तोच कंदील दोन्ही सणांना चालतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी दुसरे वाट पाहणे येते. शुक्रवारी ख्रिस्ताला क्रुसावर दिलेले, रविवारी त्याचे पुनरुत्थान. आणि मधला तो शनिवार. त्या दिवशी काहीही घडत नाही. वेदी उघडी पडलेली असते आणि देवळातल्या घंटा मुक्या असतात. आमच्यातल्या बहुतेकांना शुक्रवारचे रडणे जमते, रविवारचे जेवण तर फारच छान जमते. शनिवारचे काय करावे ते मात्र कळत नाही. आणि माणसाचे आयुष्य, वाचकहो, बहुतांशी शनिवारचेच असते!

त्या शनिवारी काय करायचे, एवढाच या भांडणाचा विषय आहे.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मधुमेह आहे. रोज दोन वेळा सुई टोचून घ्यावी लागते. २०१८ साली आमच्या भागात एक प्रवचनकार आले. ते कुठल्या पंथाचे, कुठल्या गावचे, हे मी सांगणार नाही. नाव सांगितले की माणसे नावाशी भांडतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. मंडप होता, गिटार होती, कर्णे होते. आंधळ्यांना दृष्टी, पांगळ्यांना पाय, बेकारांना नोकरी, आणि परदेशी जाणाऱ्यांना व्हिसासुद्धा! दादा तीन संध्याकाळी गेला. चौथ्या दिवशी त्याने सुया आणि बाटल्या एका डब्यात घालून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या. "सुई घेणे म्हणजे देवावर भरवसा नसणे," असे त्याला सांगण्यात आले होते. "धीर धरा, वाट पाहा, तो बरे करील."

दादाने वाट पाहिली. केळीच्या वाडीत काम करताना त्याच्या पायाला काटा लागला होता. एरवी चार दिवसांत भरून आली असती अशी ती जखम. ती काळी पडू लागली. घरात कुणी बोललेले त्याला खपेना. बोलणारा अविश्वासी ठरे. माझी वहिनी रात्री उठून त्याच्या पायाचा वास घेई आणि पुन्हा निजण्याचे सोंग करी. अखेर तापाने तो बरळू लागला तेव्हा आम्ही त्याला उचलून इस्पितळात नेले. पाय वाचला, तीन बोटे गेली.

पुढे त्या प्रवचनकारांची गाठ पडली. मी भांडायच्याच तयारीने गेलो होतो. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या भावाचा विश्वास कमी पडला."

कमी पडला! हातातली सुई टाकून, सडणाऱ्या पायाकडे पाहत जो माणूस बसून राहिला त्याचा विश्वास कमी पडला! मग जास्त म्हणजे किती हवा होता? बाजारात माल खपला नाही तर निदान बागाईतदार स्वतःच्या मालाकडे संशयाने पाहतो. या मंडळींचा धंदा असा की गुण आला तर तो मंडपाचा, आणि न आला तर दोष गिऱ्हाइकाचा.

दादा मात्र चिडला नाही. तो एवढेच म्हणाला, "अरे, देवाने माझी बोटे नेली नाहीत. मीच ती मंडपात विसरून आलो." आता तो पहाटे उठतो, जपमाळ ओढतो, पोटात सुई टोचून घेतो आणि काठी टेकीत वाडीत जातो. जपमाळ आधी की सुई आधी याचा वाद त्याच्या मनात उरलेला नाही. माझ्या पाहण्यातला खरा ख्रिस्ती धीर तो हा.

आता कुणी म्हणेल, मास्तर, एका ढोंगी माणसावरून तुम्ही सगळ्यांना झोडपता. नाही. ढोंगी माणसांचे मला फारसे भय नाही. ती येतात, मंडप गुंडाळून जातात. माझे भांडण त्या समजुतीशी आहे, जी मंडप येण्याआधीपासून आमच्या मनात तयार असते. देवावर विश्वास म्हणजे हात काढून घेणे, ही ती समजूत. वाडी विकणारा माझा शेजारी आणि सुई टाकणारा माझा भाऊ, दोघेही तिचेच बळी. आणि गंमत अशी की, ही समजूत आमच्या धर्मग्रंथात कुठे सापडत नाही. थेस्सलनीका गावातल्या काही ख्रिस्ती लोकांनी, प्रभू आता येणारच, असे धरून कामधंदा सोडला होता. संत पौलाने त्यांची पाठ थोपटली नाही. जो काम करायला तयार नाही त्याला खायलाही घालू नका, अशा अर्थाची खरमरीत कानउघाडणी त्यांना पत्रातून केली. आज त्याने मोबाइलवर तसे लिहिले असते तर आमच्या मंडळींनी त्यालाच गटातून काढून टाकले असते.

आमच्या पूर्वजांनी अवघड काळ कसा काढला, ते पाहा. इथे मला थोडे सांभाळून बोलले पाहिजे, कारण वसईचा इतिहास म्हणजे निखारा आहे. १५३४ पासून दोनशे वर्षे इथे पोर्तुगिजांचे राज्य होते. त्या राज्यात माझ्या धर्माला छत्र मिळाले आणि माझ्या शेजाऱ्यांच्या धर्माला मार मिळाला, हे मी लपविणार नाही. आमच्या शेजारच्या निर्मळचे विमलेश्वराचे देवालय पोर्तुगिजांनी पाडले. दिवाळी सरली की कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते. त्या जत्रेत आमची सुकेळी घेऊन मी लहानपणापासून जातो. पेशवाईत तिथले देवस्थान पुन्हा उभे राहिले. मधल्या काळात पाडलेल्या देवळाची आठवण कुणीतरी घराघरांतून जपली असलीच पाहिजे. नाहीतर पुन्हा उभे काय करायचे हे तरी कुणाला कळले असते? तेव्हा वाट पाहण्याची विद्या ख्रिस्ती माणसालाच येते असा माझा दावा नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पाळी आमच्यावर आली. पोर्तुगीज सरदार आपल्या चीजवस्तू घेऊन गलबतांत बसले. परदेशी पाद्रीही बहुतेक गेले. ज्यांना जायला दुसरा देश नव्हता, ते आमचे शेतकरी पूर्वज मागे राहिले. राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा तहात होती, हे विजेत्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण मुभा असणे वेगळे आणि धर्म टिकणे वेगळे. राजाश्रय संपला, मठ ओस पडले, धर्मगुरू मोजके उरले. ज्यांनी केवळ राजासाठी क्रूस धरला असेल त्यांना तो ठेवून द्यायला याहून बरी संधी नव्हती. तो ठेवला गेला नाही. का, याचे उत्तर एखाद्या चमत्कारात नाही. आयांनी मुलांना प्रार्थना शिकवल्या, म्हाताऱ्यांनी सणवार लक्षात ठेवले, आणि सगळ्यांनी मिळून केळी लावली. राज्ये तीन पालटली. वाडीला पाणी घालण्याची वेळ पालटली नाही.

याच वसईच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. ती आपल्याला थेट जपानात घेऊन जाईल. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. व्यापाराच्या निमित्ताने पूर्वेकडे गेले, मनिलाला फ्रान्सिस्कन पंथात ब्रदर झाले, आणि जपानी भाषा अवगत असल्याने दुभाषी म्हणून जपानात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत हे वसईकर होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय वसईत आहे. एवढे आमच्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पुढचे मात्र आम्ही मुलांना सांगत नाही, आणि माझ्या मते तेच सांगण्यासारखे आहे.

१६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले; पुढे देशाची दारेच बंद झाली. देऊळ नाही, मिस्सा नाही, पुस्तक बाळगले तर मरण. लोकांना ख्रिस्ताच्या नाहीतर मेरीमातेच्या चित्रावर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. जगाने धरून चालले की तिथला ख्रिस्ती धर्म संपला. दोनशे पन्नास वर्षे गेली. मग नागासाकीत परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधण्याची परवानगी मिळाली. ओउराचे ते चर्च त्याच २६ हुतात्म्यांच्या नावाने, म्हणजे आमच्या गोन्सालोंच्याही नावाने, उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातली काही माणसे भीत भीत त्याच्या दाराशी आली. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना वाटले, बघे असतील. एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितले की तुमचे आणि आमचे अंतःकरण एकच आहे. आणि मेरीमातेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले.

अडीचशे वर्षे! पण मला डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट याच्यापुढची आहे. ती माणसे म्हणाली, सध्या आमचा दुःखाचा काळ चालला आहे, आज त्याचा सतरावा दिवस. पेतिजाँनी मोजून पाहिले; उपवासकाळाचा तो खरोखरच सतरावा दिवस होता. अडीचशे वर्षांत कुणीही धर्मगुरू नसताना त्यांचा दिवस चुकलेला नव्हता!

तो का चुकला नाही? कारण गावोगावी त्यांनी कामे वाटून घेतली होती. एकाकडे पंचांग, कुठला सण कधी, उपवास कधी, हे त्याने मोजायचे आणि मरण्यापूर्वी दुसऱ्याला शिकवायचे. एकाकडे मुलांना बाप्तिस्मा देण्याचे काम. एकाने घरोघर निरोप पोहोचवायचा. वरवर पाहावे तर शेती करणारी, मासे मारणारी, खंड भरणारी गरीब कुळे. पण आत एवढा कारभार चालला होता. जगाचा शेवट कधी, याचे गणित त्यांनी केले नाही. उद्या कुठला वार, याचे केले. माझ्या शेजाऱ्याला आणि त्याच्यासारख्या सर्व चिन्हशोधकांना मी हेच विचारतो की, तुम्हांला जगाच्या अंताची तारीख कळते, मग तुमच्या मुलाला साधी 'आमच्या बापा' म्हणता येते का हे का कळत नाही?

त्या लोकांचे दुःख १८६५ साली संपले असेही नाही. दोनच वर्षांनी उराकामीच्या माणसांची पुन्हा धरपकड झाली आणि तीन हजारांहून अधिक माणसे दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाली. बंदी उठली ती १८७३ साली. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्ब पडला तो याच उराकामीवर. त्यांनी आपले चर्च पुन्हा बांधले.

मला यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट फार आवडते. माझ्या शेजाऱ्याला मी ती त्याच दिवशी सांगायला हवी होती, पण योग्य उत्तर मला नेहमी माणूस गेल्यावर सुचते. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच इतकी वर्षे ओरडून सांगत होता, आणि त्याबद्दल तो पहाऱ्यात कोंडलेला होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. वेढ्यात सापडलेल्या मुलखातले शेत! कवडी किमतीचे! यिर्मयाने काय करावे? सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमक्ष खत केले आणि बारूखाला सांगितले की हे कागद मातीच्या भांड्यात नीट ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत. शहर पडणार हे पक्के ठाऊक असलेला माणूस शेत विकत घेतो! बाबेलला धरून नेलेल्या लोकांनाही त्याने पत्राने हेच कळवले होते की घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या परक्या शहरात आहात त्याचे भले चिंता. सत्तर वर्षे लागतील. त्याच वेळी दुसरे काही संदेष्टे, दोन वर्षांत सुटका, असे सांगत हिंडत होते. लोकांना अर्थातच तेच आवडत होते. तेव्हाही मंडप त्यांचेच भरत असणार.

अनाथोथचे ते शेत वाचताना मला दुसरे काही दिसत नाही, नंदाखालची वाडीच दिसते. आणि ती वाचवण्यासाठी उभा राहिलेला आमच्याच गावचा माणूस दिसतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची जमीन, विहिरींचे पाणी आणि माणसांची झोप ही तिन्ही एकदमच धोक्यात आली. जमिनी बळकावल्या जात होत्या, गुंडगिरी आणि राजकारण यांची सोयरीक झाली होती, आणि लोक दाराला कडी लावून प्रार्थना करीत होते. त्या वेळी अनेक चांगल्या माणसांनी, त्यांत चर्चमधलीही होती, हेच सांगितले की धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, देव सगळे पाहतो आहे. फादर वेदीपाशी राहिले आणि रस्त्यावरही आले. 'हरित वसई संरक्षण समिती'च्या झेंड्याखाली ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान अशी सगळी माणसे जमली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. वडिलांच्या खांद्याला धरून मोर्चा पाहिलेला आठवतो. आई घरी आल्यावर आधी चुलीपाशी गेली नाही, क्रुसापाशी गेली आणि दिवा लावून मग म्हणाली, "आज भीती वाटली नाही हो."

वसई पूर्ण वाचली का? नाही. आज विरारच्या पुलावरून पाहिले तर इमारतींचा समुद्र दिसतो. जुनी बावखले बुजली, आणि हरित वसईतला किती हिरवा रंग उरला आहे हे माझ्या चित्रकलेच्या वर्गातली मुले सांगतील. पूर्वी त्यांच्या खड्यांच्या पेटीतला हिरवा आधी संपायचा, आता करडा संपतो. परंतु पश्चिमेकडच्या गावांत आजही ज्या वाड्या आहेत, त्या कुणी नुसती वाट पाहिली म्हणून उरलेल्या नाहीत.

फादर दिब्रिटोंनी १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे 'सुवार्ता' मासिक चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले. २०२० च्या जानेवारीत तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, अशी कुरकूर झाली, धमक्याही आल्या. पाठीचे दुखणे घेऊन ते गेले आणि जे बोलायचे ते बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले. त्या दिवसांत आमच्या गावात पाऊस होता आणि माणसे छत्र्या मिटून उभी होती.

आता दुसरी बाजू. मला माझी एक माजी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुमचे काळ वेगळे होते. आता भीती वाटते." तिच्या मोबाइलवर मणिपूरची चित्रे होती. २०२३ च्या मे महिन्यापासून तिथे जे घडले ते पाहून कुणालाही भीती वाटावी. तिला मी, घाबरू नकोस, असे म्हणालो नाही. तसे म्हणणे खोटे झाले असते. मी तिला ग्लॅडिस स्टेन्स यांच्याविषयी सांगितले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुले यांना गाडीत झोपेतच जाळण्यात आले. त्या बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. आणि नुसते सांगून त्या विमानात बसल्या नाहीत. पुढे २००४ पर्यंत ओडिशातच राहिल्या आणि कुष्ठरोग्यांचे काम पाहत राहिल्या. क्षमा झाली, आणि दुसऱ्या दिवशी मलमपट्टीची वेळ झाली! मुलगी गप्प झाली. तिने कॅनडाचा अर्ज भरलेला आहे, तो तिने मागे घ्यावा असे मी सुचविले नाही. आपला मुलूख सोडणाऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. माझी विनंती एवढीच की जाताना, इथे आता देव उरला नाही, असे सांगून जाऊ नये.

आणि २०२० साल तर सगळ्यांच्याच आठवणीत आहे. १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही देवळाच्या बंद दाराबाहेर काढला. साडेचारशे वर्षांच्या गावातला माझ्या पाहण्यातला पहिला मुका ईस्टर! त्याही दिवसांत 'ही देवाची शिक्षा' म्हणणारे होतेच. माझ्या म्हाताऱ्या आईला त्यांच्यासाठी वेळ नव्हता. गाड्या बंद, दादरचा बाजार बंद, वाडीत वांगी आणि पालेभाजी पिकून पडलेली. तिने संध्याकाळी अंगणातल्या क्रुसापाशी जपमाळ म्हणायची, आणि सकाळी भाजीच्या जुड्या बांधून मला नाक्यावरच्या चाळीकडे पिटाळायचे. तिथे परगावची बांधकामावरची माणसे अडकून पडली होती. ज्या इमारतींना आम्ही शिव्या देत होतो त्या बांधणारीच ती माणसे! मी एकदा कुरकुरलो. आई म्हणाली, "भाजी कुजवून देव प्रसन्न होतो का? जा." त्या वर्षी देवळे, चर्चे, मशिदी उघडल्या त्या १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आमच्या चर्चचे दार उघडले तेव्हा शेजारच्या घरी ओवाळणी चालली होती.

आई पुढच्या वर्षी गेली. तिच्या दफनाला आम्ही मोजकीच माणसे होतो. तिच्या हातची मेथी त्या वेळी वाफ्यात कमरेएवढी वाढून फुलली होती. कुणाला कापायला सुचले नव्हते. दादाने काठी टेकीत जाऊन तिचे बी धरून ठेवले. दरवर्षी तेच पेरतो.

माझा शेजारी आता विरारला चौथ्या मजल्यावर राहतो. त्याच्या वाडीभोवती पत्रे लागले आहेत, आतली विहीर बुजवली की अजून आहे ते बाहेरून दिसत नाही. परवा त्याचा फोन आला. प्रभू आला नव्हता, पण नळाला पाणी एक दिवसाआड येत होते. नाताळला जेवायला या म्हणाला. मी जाणार आहे. दादाने त्याच्यासाठी राजेळीचा एक घड वेगळा काढून ठेवायचे कबूल केले आहे, आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत कुंडीत लावता येईल म्हणून मेथीचे मूठभर बी.